विद्यापीठ बघण्याचा कार्यक्रम

— असू दे गं, पिशवी नको उचलू, एवढ्या कडेला मावेन मी — थोडा वेळच, सव्वाचारला सासऱ्यांचा फोन येणार आहे, तोवर टेकते. सकाळपासून पायांना बसणं नाही. तुमच्या विद्यापीठाचं एक बरं आहे, इमारती लांब लांब बांधल्यात, त्यामुळे एकीकडून निराश होऊन दुसरीकडे पोचेपर्यंत माणूस परत ताजा होतो. हसू नको, खरंच सांगतेय. तूच ना ती? मघाशी वर्गात होतीस, तिसऱ्या बाकावर? मी मागं बसले होते ती. हो, तीच, मॅडमनी उभं केलं ती. जाऊ दे, त्याचं नंतर सांगते. किंवा नाहीच सांगत. नाव काय तुझं? राजनंदिनी. छान. कुठली? फलटण. फलटणमध्ये कुणाची? — बघ, निघालंच तोंडातून! आडनाव काय, रान किती, घरात माणसं किती. आठ वर्षांत आक्काताई पुऱ्या अंगात शिरल्यात माझ्या. आक्काताई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी आणि मामंजींनी मिळून पाठवलंय मला. कशाला म्हणजे? विद्यापीठ बघायला. नणंदेसाठी.

प्राची तिचं नाव. यंदा बीएस्सी झाली, स्टॅटिस्टिक्स घेऊन, सांगलीतनं, आणि तुमच्याकडे एमएस्सीला नंबर लागला. आज शेवटची तारीख. पाचच्या आत नाव पक्कं केलं तर केलं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. तुला वाटेल मार्क आहेत, नंबर आहे, मग घोडं अडलंय कुठं? तर मामंजी म्हणाले, "पोरगी द्यायच्या आदी घर बघतोय का न्हाई आपण? मग ही दोन वरसं ऱ्हाणार तिथं, ते बघायला नको व्हय?" आणि माझ्याकडं बोट केलं — "चंदना शिकलेली हाय, तिला जाऊ दे. ती व्हय म्हणली तर व्हय, न्हाई म्हणली तर न्हाई." आता ह्या घरात आमटीत मीठ किती घालायचं हेसुद्धा मला आजवर कुणी विचारलेलं नाही, आणि एकदम एका मुलीचं आख्खं शिक्षण आणून हातात ठेवलं. एसटीत बसल्यावर मी तिकीट तीनदा काढून बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा एकटी बसले एसटीत — हे कुणाला सांगू नको, मी बऱ्यापैकी धीट बाई म्हणून ओळखली जाते.

ती स्वतः का नाही आली? काय विचारतेस! मुलगी कधी जाते का स्थळ बघायला? ती घरी बसते, बाकीचे जाऊन येतात आणि तिला सांगतात की हौद मोठा आहे. शिवाय अतिशयला कोण बघणार? अतिशय माझा मुलगा, साडेतीन वर्षांचा. नाव त्याच्या आजोबांनी ठेवलंय आणि तो नावाप्रमाणे वागतो. सकाळी नाक वाहत होतं त्याचं, अंगही कोमट वाटलं — म्हणजे मला वाटलं, थर्मामीटरला काही वाटलं नाही. त्याला माझ्याशिवाय कुणाजवळ करमत नाही. म्हणजे प्राचीजवळ करमतं. खरं सांगायचं तर प्राचीजवळच करमतं. मी निघाले तेव्हा त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही, आणि मी इकडं कऱ्हाड येईपर्यंत डोळे पुसतेय. अर्ध्या तिकिटात.

तर घर बघायच्या आधी चौकशी. तीसुद्धा रीतसर झाली हं. इथं कऱ्हाडात मामंजींचे मावसभाऊ आहेत, नानासो, बी-बियाण्यांचं दुकान आहे त्यांचं. मुलाची चौकशी करताना काय विचारतात? पितो का, आधी कुठं जमून मोडलंय का, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कसं आहे. नानासोंनी दुकानाचं शटर खाली ओढलं, सकाळी अकराला तुमच्या गेटासमोरच्या टपरीवर येऊन दोन तास बसले, आणि मामंजींना फोन केला — "तसं बरं हाय. पण पोरं च्या लय पित्यात." झाली चौकशी. मामंजी दोन दिवस विचारात. मग जेवताना एकदम म्हणाले, "सकाळी अकरा वाजता च्या पित्यात, मग तास कवा हुत्यात?" — आणि तुला सांगू, आमच्या सगळ्या गोतावळ्यात एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचला नाही. तुमच्या त्या विश्वजीत सरांना मी तोच विचारला, थोडा शुद्ध करून.

तुला माहीत आहेत ना विश्वजीत सर? प्रवेश मार्गदर्शनवाले, जुलैत कोट घालतात ते. त्यांनी मला पडद्यावर चित्रं दाखवली. एका चित्रात हिरव्यागार गवतावर चार मुलं एका लॅपटॉपकडे बघून हसतायत, खाली लिहिलंय 'विद्यार्थी जीवन'. मी विचारलं, ह्यातलं इथं कोण शिकतं? म्हणाले, "प्रातिनिधिक आहे, मॅम." बरं, मग ते गवत कुठंय? "प्रस्तावित आहे, मॅम." विभागात कायम शिक्षक किती? आठातले तीन. आणि बाकीचे? "प्रक्रिया चालू आहे." ग्रंथालय रविवारी उघडं असतं का? "मागणी आली तर नक्की." सहाव्या प्रश्नानंतर त्यांनी कोटाचं बटण काढलं. सातव्यानंतर मला विचारलं, "मॅम, तुम्ही पालक का?" पालक! एकोणतीस वर्षांची आहे मी. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

आता आक्काताईंची पद्धत ऐक. स्थळाच्या घरी गेल्या की त्या आधी पाणी मागतात. तहान नसते. तांब्या घासलेला आहे का, आणून कोण देतंय — सासू का सून — आणि देणारीचं तोंड कसं आहे, एवढं बघायचं असतं. माझ्या दोन्ही मावससासवांची घरं त्यांनी तांब्यावरनं ठरवलीत, आणि एकीचं तरी बरं चाललंय. मला निघताना बजावलं, "काय इसरलीस तर इसर, पाणी तेवढं माग." म्हणून मी सकाळपासून चार ठिकाणी पाणी मागितलं आणि आता माझी काय अवस्था झालीय ते विचारू नको. कार्यालयात बाटली दिली, विद्यापीठाचं नाव छापलेली. विभागात शिपायानं कूलर दाखवला — त्याचा नळ सुतळीनं बांधलाय, सुतळी उजव्या हातानं धरायची आणि पेला डाव्या. ग्रंथालयात बाई म्हणाल्या, इथं पाणी चालत नाही. ते बरोबर आहे त्यांचं, मला आवडलं, पण आक्काताईंना काय सांगणार? पाणीच नाही दिलं म्हणून?

आणि तुमची ती कॉम्प्युटरची खोली! तीस कॉम्प्युटर, तिसांवर कापडी झाकणं, आणि प्रत्येकाच्या कपाळावर हळदकुंकू. गेल्या खंडेनवमीचं असणार, पार सुकलंय. मी एकेक चालू करून बघितला — हो, केला, सर दार धरून उभे होते, "मॅम, मॅम" करत — अकरा चालू झाले. एकोणीस नुसते पूजेला. तू कुठल्यावर बसतेस? खिडकीजवळच्या? तो चांगला आहे.

मेसमध्ये मात्र मंगलमावशींनी पाणी स्वच्छ पेल्यात दिलं, हसून दिलं. म्हणून मी जरा मऊ आवाजात विचारलं, मावशी, कागदावर 'जैन जेवण मिळेल' असं छापलंय, ते कसं देता? "देतो की! कांदा येचून काढतो." बरं, रात्रीचं जेवण किती वाजता? साडेसात. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो, सहाला मिळेल का? "सहाला? सहाला तर आमी भाजी चिरायला बसतो, ताई." मी लिहून घेतलं. आणि लिहून घेताना मला माझंच हसू आलं, कारण माझा नवरा सन्मती रानात गड्यांच्या पंगतीत मुठीनं कांदा फोडून खातो आणि वर बडीशेप चघळत घरी येतो. आक्काताईंना ते माहीत आहे. आक्काताईंना माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. पण मुलीच्या आणि सुनेच्या पोटात जाणारा कांदा वेगळा असतो. तो फार लवकर दिसतो.

हे बघ. ही वही. सतरा गोष्टी निघाल्या. एक, कायम शिक्षक तीन. दोन, कॉम्प्युटर. तीन, सुतळी. वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर एका न्हाणीघराला आतनं कडी नाही — हे चौथं, ह्याच्याखाली मी दोन रेघा मारल्यात. अकरावं — तुमच्या मजल्यावर मुली फार मोठ्यानं हसतात. आता हे मी का लिहिलं मला माहीत नाही, लिहिताना फार महत्त्वाचं वाटलं होतं.

काय? — चांगलं काय लिहिलंय म्हणजे? चांगलं... अगं, चांगल्याचं पान वेगळं केलं नव्हतं मी. म्हणजे करणार होते. मंगलमावशींचं हसणं लिहिता आलं असतं. पण असं कुणी घरी जाऊन सांगतं का, की मावशी हसतात म्हणून मुलीला पाठवा?

नाही, तसं नाही हं. तिनं येऊ नये असं मला अजिबात वाटत नाही. असं कसं विचारतेस तू? तिला ह्या विषयाची गोडी मी लावली. मीच शिकवलं तिला सगळं, चुलीपुढं — म्हणजे गॅसपुढं — पोळ्या लाटता लाटता. माझ्याच वह्यांवर तिनं तिन्ही वर्षं काढली. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आहे. हां, आता एक आहे — ती गेली तर थोडी अडचण होईल, नाही असं नाही. म्हणजे दुपारी तीन ते सहा ती अतिशयला घेऊन बसते, आणि त्या वेळात मी माडीवर दहावीच्या मुलांना गणित शिकवते. अकरा मुलं येतात. तीन तास. त्या तीन तासांत मला कुणी 'अतिशयची आई' म्हणत नाही, 'मॅडम' म्हणतात. ती गेली की ते बंद. आक्काताईंच्या गुडघ्यांना त्याच्यामागं पळवत नाही. तर एवढंच. हे काही वहीत नाही. वहीत फक्त विद्यापीठाचे दोष आहेत, माझे कशाला लिहू मी? — असं बघू नको गं माझ्याकडं. मी काही खोटं लिहिलेलं नाही. कडी खरंच नाही. जाऊन बघ.

माझं? माझं एमएस्सी राहिलं. आठ वर्षं झाली. पुण्याला नंबर लागला होता, चांगल्या ठिकाणी, पण वडिलांनी नाही सोडलं. आमचं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू, जुन्या वळणाची माणसं, आणि त्यात स्थळ सांगून आलं... तुला माहीतच आहे कसं असतं ते. घरोघरी तेच. प्राचीला मी हे इतक्या वेळा सांगितलंय की ती माझ्या वडिलांशी नीट बोलत नाही. दिवाळीला आले होते, तर हिनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढं आदळला. बिचारे. त्यांना कळेचना ह्या मुलीचं आपण काय वाकडं केलंय.

बिचारे म्हणजे — अगं ते आले होते माझ्याबरोबर पुण्याला. स्वतः. नवा सदरा घालून. सतरंजी, बादली, कुलूप, सगळं घेऊन दिलं, आणि वसतिगृहाच्या दारात थांबले, पुढं पुरुषांना सोडत नव्हते म्हणून. मी एकटी वर गेले. खोलीत तीन मुली होत्या. चांगल्या होत्या. एकीनं विचारलं, कसा वाटला कँपस? मी म्हटलं, लय मोठा हाय की. आणि ती हसली. वाईट नाही हसली — आता मला कळतं, वाईट नव्हती हसली — पण तिनं दुसरीला ते परत म्हणून दाखवलं, "लय मोठा हाय की." मग मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. त्याला कडी नव्हती. मी एका हातानं दार धरून दुसऱ्या हातानं तोंड धुतलं आणि खाली येऊन वडिलांना सांगितलं, इथं न्हाणीघराला कडी नाही, मी नाही राहत. ते म्हणाले, "आगं, कडी मी आत्ता बाजारातनं आणून लावतो." असंच म्हणाले. कडी आणतो म्हणाले. मी म्हटलं, नको, मला हे मानवायचं नाही. परत येताना एसटीत त्यांनी सतरंजीची गुंडाळी मांडीवर धरली होती. आणि पुढच्या आठवड्यात सन्मती बघायला आला, त्याला मी हो म्हटलं. कुणी काही सांगायच्या आत.

हे मी तुला का सांगतेय? तू काही विचारलंही नाहीस. नवऱ्याला सांगितलेलं नाही मी हे.

हां, वर्गाचं. मी मुद्दाम नाही आले वर्गात. सरांची नजर चुकवून जरा मागच्या बाकावर टेकले, म्हटलं अठरावी गोष्ट मिळते का बघू. आणि तुमच्या मॅडमनी ते डेअरीचं काढलं — गावातनं पाचशे कॅन दूध येतं, दुधात पाणी आहे का हे ठरवायचं, तर किती कॅन उघडून बघाल? तुझ्या पुढच्या मुलीनं काहीतरी विचारलं, आठवतंय? आणि मॅडम म्हणाल्या, "हे मला आत्ता सांगता येणार नाही. उद्या बघून येते." मी चमकलेच. मला तीन वर्षांत एकानंही असं सांगितलं नव्हतं. आमच्यावेळी सरांना आलं नाही की मुलीला बाहेर काढायचे. मी वहीत लिहायला गेले आणि कळेना कुठल्या रकान्यात लिहू. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बघितलं — "मागच्या बाकावर, तुम्ही, उशिरा आलेल्या. किती कॅन?" मी उठले. खांद्याला पर्स, हातात कार्यालयात मिळालेली कागदी पिशवी. तोंडातनं आपोआप निघालं, नुसतं किती नाही मॅडम, कुठले तेही. डोळे झाकून निवडले पाहिजेत. त्या म्हणाल्या, "बरोबर. का? पुढं सांगा."

आणि पुढं मला येत होतं, राजनंदिनी. शपथेवर सांगते, येत होतं. पण एकदम समोर आलं, की मी सकाळपासून काय करतेय? ज्या कॅनला वास येतोय तेवढाच उघडतेय. एक एक हुंगून. आणि नाव ठेवतेय आख्ख्या गावाला. मग माझं तोंडच उघडेना, आणि तुम्ही सगळ्या मागं वळून बघत होतात, आणि मला वाटलं, आता हसणार. कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "बसा, विचार करून सांगा." जशी काही मी उद्यापण येणार होते.

थांब, आला फोन. बस तू, जाऊ नको. — हां मामंजी, बोला... होय, बघितलं सगळं. ...मागितलं पाणी, चार ठिकाणी. ...चांगलं दिलं एकीनं. ...जेवण साडेसातला. ...होय, साडेसात. कांदा काढून देतात. ...आठात तीन कायम आहेत. कॉम्प्युटर निम्म्याहून जास्त बंद आहेत. ...एका न्हाणीघराला कडी नाही. ...तास? होतात. मी एका तासाला बसले होते. ...मॅडम आहेत एक. ...चांगल्या म्हणजे, येत नसलं तर येत नाही म्हणतात. ...न्हाई ओ मामंजी, येतं त्यांना, तसं नव्हं. ...अतिशय उठला का? नाक? ...बरं. ...काय? ...कोण, मी? ...मला काय विचारताय मामंजी, माझं काय, मला आता... ...ऐकू येतंय. रेंज आहे. ...

...गेले असते.

...गेले असते म्हटलं. ...होय, हे सगळं असूनसुद्धा. ...हां. लिहिते तिचं नाव. आत्ता जाते. ...ठेवते.

— किती वाजले? चार वीस. कार्यालय तिकडंच ना, पलीकडच्या टोकाला? अर्थात, पलीकडच्याच टोकाला. शिकवण्यांचं बघू काहीतरी. नाही बघितलं तर बंद पडतील, मग पडतील.

आणि हे बघ, प्राची पुढच्या महिन्यात तुमच्यात येईल. बडबडी आहे, तुझ्याशी पटेल तिचं. तिला पुण्याचं काही सांगायचं नाही. सतरंजीचं तर नाहीच. माझ्या वडिलांनी मला सोडलं नाही, हेच तिला माहीत आहे आणि हेच असू दे. मी इथं बसले, पाय दुखत होते म्हणून बसले, कार्यालयाची वाट विचारली आणि गेले. दुसरं काही बोलले नाही मी. — काय? नाही, तू बोलूच नको काही. जा, तास बुडेल तुझा. जा म्हटलं ना.